घरी बांधलेल्या किट कारची नोंदणी आणि विमा : अमेरिकेतील राज्याराज्यांचे नियम आणि कामांचा क्रम

कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलच्या कार्यालयामागच्या आवारात मी गाडी ट्रेलरवरून उतरवली, तेव्हा तपासणी अधिकाऱ्याने गाडीकडे नीट पाहिलेही नाही. त्याने आधी फाईल मागितली आणि इंजिनाच्या पावतीवरचा क्रमांक प्रत्यक्ष इंजिनावरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर करून ताडून पाहिला. मग त्याने चासीचा क्रमांक दाखवायला सांगितला, आणि तिथेच घोडे अडले. चासीला गंज धरू नये म्हणून मी हौसेने काळ्या रंगाचे दोन जाड हात दिले होते, त्यामुळे पुढच्या आडव्या नळीवर ठोकलेला क्रमांक पार बुजून गेला होता. बॅटरीच्या उजेडात बोटाने चाचपले, तर दोन अक्षरे कशीबशी लागत होती. शेवटी त्याच्यासमोर गुडघे टेकून, थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने मी वीस मिनिटे तो रंग पुसला. "घासकागद लावला नाहीस, हे बरे केलेस. घासलेला क्रमांक आम्हाला चोरीचा वाटतो," एवढेच तो म्हणाला.

तीन वर्षे गॅरेजमध्ये खपून बांधलेली गाडी एका बुजलेल्या क्रमांकामुळे परत न्यावी लागणार होती, ती थोडक्यात वाचली. तेव्हापासून ज्यांनी ज्यांनी किट कारबद्दल विचारले, त्यांना मी एकच गोष्ट सांगत आलो आहे : आपल्या राज्याच्या कागदावर ही गाडी कोणत्या नावाने आणि कोणत्या सालाची म्हणून चढणार, हे किटची ऑर्डर देण्यापूर्वी ठरवावे. धूरतपासणी, कर, विम्याचा हप्ता आणि पुढे कधी विकायची झाल्यास येणारी किंमत या साऱ्यांचा उगम त्या एका ओळीत आहे. या लेखातील कामांचा क्रम त्याच दृष्टीने लावला आहे.

किट विकणारा इंजिन का देत नाही

किट कार म्हणजे चासी, बॉडी, सस्पेन्शनचे भाग, वायरिंग आणि शेकडो लहानमोठे सुटे भाग खोक्यांत भरून येणारी, घरी जोडायची गाडी. मॅसॅच्युसेट्समधील वेअरहॅम येथील फॅक्टरी फाइव्ह रेसिंग ही १९९५ मध्ये सुरू झालेली कंपनी या धंद्यातील सर्वांत परिचित नावांपैकी एक आहे. साठच्या दशकातील कोब्रा या स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी त्यांची रोडस्टर, म्हणजे उघडी दोन आसनी गाडी, फोर्ड मस्टँगचे यांत्रिक भाग वापरून बांधता येते. नवख्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो असा, की एवढे सगळे देणारी कंपनी इंजिन आणि गिअरबॉक्स तेवढे का देत नाही? त्याचे उत्तर केंद्रीय कायद्यात आहे. संपूर्ण गाडीला लागणारे सर्व भाग, इंजिन आणि गिअरबॉक्ससह, एकाच विक्रेत्याने दिले, तर तो विक्रेता कायद्याच्या दृष्टीने मोटार उत्पादक ठरू शकतो, आणि मग एअरबॅगपासून धक्काचाचणीपर्यंतची सारी सुरक्षा मानके आणि पर्यावरण संस्थेचे उत्सर्जनाचे प्रमाणपत्र ही जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स आपण वेगळ्या ठिकाणाहून आणायचे आणि गाडी स्वतः जोडायची, अशी ही व्यवस्था आहे. तिचा परिणाम असा, की गाडीला रस्त्यावर आणण्याचे बहुतेक सगळे नियम केंद्राकडून सरकून राज्यांकडे जातात, आणि राज्ये पन्नास आहेत.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. २०१५ च्या एका केंद्रीय कायद्याने लहान उत्पादकांना वर्षाला ३२५ पर्यंत जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती विकण्याची मुभा दिली. ती तयार, कारखान्यात बांधलेल्या गाड्यांसाठी आहे. घरी बांधणाऱ्याचा त्या कायद्याशी संबंध येत नाही, तेव्हा काउंटरवर त्याचा दाखला देत बसू नये.

भारतातून विचारणारेही पुष्कळ असतात. तेथे रस्त्यावर यायच्या मोटारीच्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते, आणि नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची बंधने आहेत. घरच्या शेडमध्ये एकच गाडी बांधून तिला नंबर मिळवण्याचा अमेरिकेसारखा रुळलेला मार्ग तेथे नाही. त्यामुळे पुढील सर्व विवेचन अमेरिकेतील रहिवाशांसाठी आहे.

पहिली पायरी : गाडीचे नाव आणि साल

एकाच गाडीला राज्यागणिक वेगवेगळी नावे आहेत. कॅलिफोर्नियात ती "स्पेशली कन्स्ट्रक्टेड" म्हणजे खास बांधलेली, मिशिगन आणि टेक्सासमध्ये "असेंबल्ड" म्हणजे जोडलेली, तर वॉशिंग्टन राज्यात "किट" या स्वतंत्र व्याख्येखाली येते. याशिवाय "रीकन्स्ट्रक्टेड" हा वेगळा वर्ग असतो आणि नवखे लोक नेमके तेथेच फसतात. मूळ कंपनीची नोंदलेली गाडी घेऊन तिची बॉडी वा चासी बदलली, तर ती पुनर्बांधणी होय. नव्या चासीवर जुन्या मस्टँगचे इंजिन, ॲक्सल आणि ब्रेक बसवले, तर बहुतेक राज्यांच्या लेखी ती मस्टँग उरत नाही. जुन्या मस्टँगचे टायटल, म्हणजे मालकीचा कागद, नव्या गाडीला चिकटवून "१९९० ची फोर्ड" म्हणून चालवणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट कितीही लोक हसत हसत करत असले तरी. पुढे कधी अपघात झाला आणि विमा कंपनीच्या माणसाने क्रमांक तपासले, तर तो कागद आपल्याच विरुद्ध पुरावा ठरतो.

सालाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६५ च्या गाडीसारखी दिसणारी, पण या वर्षी बांधून पूर्ण झालेली गाडी कोणत्या सालाची मानायची? काही राज्ये बांधणीचे वर्ष धरतात, काही ज्या गाडीची प्रतिकृती आहे तिचे वर्ष देतात, आणि काही जण दोन्ही नोंदवतात. वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगाची संघटना असलेल्या सेमाने गेली अनेक वर्षे राज्यांपुढे एक नमुना कायदा ठेवला आहे आणि बऱ्याच राज्यांनी तो थोड्याफार फरकाने स्वीकारला आहे. त्यानुसार १९४९ पूर्वीच्या गाडीसारखी दिसणारी गाडी "स्ट्रीट रॉड", तर १९४८ नंतरच्या आणि किमान २५ वर्षे जुन्या नमुन्यासारखी दिसणारी गाडी "कस्टम" ठरते. अशा गाडीला प्रतिकृतीचे साल मिळते आणि नियमित तपासणी व धूरचाचणीतून सूट मिळते. तिच्या बदल्यात गाडी रोजच्या वापरासाठी नाही, तर प्रदर्शने, फेऱ्या आणि अधूनमधूनच्या हौसेसाठी आहे, असे मालकाला लिहून द्यावे लागते. हे लिहून देताना पुढे विम्याचा विचार करावा, कारण कार्यालयाला रोज त्याच गाडीने जाण्याचा बेत असेल, तर ही सूट महागात पडू शकते.

व्यवहारात काय करावे? आपल्या राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या, म्हणजे डीएमव्हीच्या, नियमपुस्तिकेत वरील शब्द शोधावेत, त्या वर्गाची व्याख्या छापून घ्यावी आणि फाईलच्या पहिल्या पानावर लावावी. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने वर्षभरात अशी एखादीच गाडी पाहिलेली असते, आणि त्याच्याच विभागाचा छापील परिच्छेद पुढे केला की तास तासाची वादावादी पाच मिनिटांत आटोपते.

दुसरी पायरी : फाईल

गाडी बांधण्याला जेवढा वेळ द्याल, त्याचा दहावा हिस्सा तरी या फाईलला द्यावा. तीत पहिला कागद येतो तो किट कंपनीचा उगमाचा दाखला, ज्याला एमएसओ किंवा एमसीओ म्हणतात. नव्या गाडीच्या बाबतीत हा कागद डीलर परस्पर हाताळतो, त्यामुळे आपण तो कधी पाहिलेला नसतो. किटच्या बाबतीत मात्र तोच गाडीचा जन्मदाखला असतो. त्यावरचा चासी क्रमांक, चासीवर ठोकलेला क्रमांक आणि कंपनीच्या बिलावरचा क्रमांक हे तिन्ही जुळतात ना, हे किट दारात उतरते त्याच दिवशी, ट्रक निघून जाण्यापूर्वी पाहावे. दाखल्यावर मालकाचे नाव ज्याच्या नावे गाडी नोंदायची त्याचेच असावे. पतीच्या नावे ऑर्डर आणि पत्नीच्या नावे नोंदणी असा प्रकार झाला, तर मधल्या हस्तांतराचा कागद मागितला जातो.

त्यानंतर इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि बॉडी या चार मोठ्या भागांच्या पावत्या. नवे इंजिन घेतले असेल, तर पावतीवर त्याचा क्रमांक छापून घ्यावा. भंगारवाड्यातून घेतले असेल, तर ते ज्या गाडीतून काढले तिचा व्हीआयएन, म्हणजे वाहन ओळख क्रमांक, पावतीवर लिहून घ्यावा. खाजगी माणसाकडून घेतले असेल, तर विक्रेत्याचे नाव, पत्ता, तारीख, किंमत, भागाचा क्रमांक आणि सही असलेले विक्रीपत्र करून घ्यावे. काही राज्ये नोटरीची सही मागतात आणि ती मागाहून मिळवायला विक्रेता सापडेलच असे नाही. रोखीने घेतलेल्या इंजिनाचा कागद दोन वर्षांनी मागायला गेल्यावर "कोणते इंजिन?" असे उत्तर मिळालेला माणूस मी जवळून पाहिला आहे.

करभरणा हाही पावत्यांचाच विषय आहे. दुसऱ्या राज्यातून मागवलेल्या किटवर विक्रीकर लागलेला नसेल, तर नोंदणीच्या वेळी आपले राज्य तेवढाच वापरकर मागते. ज्या पावतीवर कर भरल्याची ओळ आहे, त्या रकमेवर तो पुन्हा भरावा लागू नये म्हणून त्या पावत्या वेगळ्या लावून त्यांची बेरीज स्वतःच करून न्यावी. किरकोळ नटबोल्टांच्या पावत्या एका लिफाफ्यात ठेवल्या तरी चालतील, पण फेकू नयेत.

फोटो बांधणीच्या प्रत्येक टप्प्यावर काढावेत : रिकामी चासी, इंजिन बसवताना, ब्रेकच्या नळ्या, इंधनटाकी आणि शेवटी चारही बाजूंनी. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात अर्जासोबत फोटो लागतात, आणि विमा कंपनीला ते सर्वत्र लागतात. चासी क्रमांकाचा जवळून घेतलेला फोटो रंगकामाच्या आधीचा असावा. क्रमांकावर चिकटपट्टी लावून मगच रंग द्यावा. हा धडा मी थिनरच्या वासासकट शिकलो आहे.

तिसरी पायरी : राज्याप्रमाणे प्रत्यक्ष काम

कॅलिफोर्नियाची प्रक्रिया सर्वांत लांब आहे आणि बे एरियात मराठी माणसे पुष्कळ, म्हणून ती सविस्तर सांगतो. येथे घरी बांधलेल्या गाडीची खरी अडचण धुराची आहे. साधारण मार्गाने नोंदणी केली, तर गाडी बांधली त्या वर्षाचे उत्सर्जन नियम तिला लागू होतात, आणि कार्ब्युरेटरवर चालणारे जुन्या धाटणीचे व्ही-आठ इंजिन ते पाळूच शकत नाही. यावर सिनेट बिल १०० या कायद्याने एक खिडकी उघडून दिली आहे. दर कॅलेंडर वर्षात पहिल्या ५०० खास बांधलेल्या गाड्यांना गाडीच्या बॉडीचे किंवा इंजिनाचे साल, यांपैकी मालकाला हवे ते निवडून त्यानुसार धूरचाचणी देता येते. बॉडी पूर्वीच्या कोणत्याही गाडीसारखी नसेल, तर १९६० हे साल धरले जाते. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना नियमित धूरतपासणी नाही. त्यामुळे १९६५ च्या कोब्रासारखी बॉडी असलेल्या गाडीचा प्रश्न कायमचा सुटतो.

क्रम असा. जानेवारीत डीएमव्ही उघडताच नोंदणीचा अर्ज, खास बांधलेल्या गाडीचे निवेदन म्हणजे आरईजी ५०३६ हा फॉर्म, उगमाचा दाखला आणि पावत्या घेऊन जावे, शुल्क भरावे आणि वरील ५०० पैकी आपला क्रमांक दाखवणारे "सर्टिफिकेट ऑफ सीक्वेन्स" मागून घ्यावे. शब्द नेमका हाच वापरावा. मागितल्याशिवाय ते कोणी आपणहून देत नाही. ते हाती आले की राज्याच्या धूरतपासणी रेफरीकडे, म्हणजे अशा वेगळ्या गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडे, वेळ घ्यावी. रेफरी गाडीचे आणि इंजिनाचे साल ठरवतो आणि तसे लेबल लावतो. मग हायवे पॅट्रोलकडे जाऊन क्रमांकांची पडताळणी करून घ्यावी. येथेच गरज असल्यास राज्याचा नवा ओळख क्रमांक मिळतो आणि त्याची पट्टी गाडीला लावली जाते. त्याबरोबर सुरक्षातपासणीचा दाखला लागतो. पूर्वी ब्रेक आणि दिव्यांचे दोन वेगळे दाखले असत. २०२४ पासून त्यांच्या जागी वाहन सुरक्षा प्रणाली तपासणी ही एकत्र व्यवस्था आली आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांत "ब्रेक अँड लॅम्प" दिसले, तर गोंधळू नये. सर्व दाखले घेऊन पुन्हा डीएमव्हीत गेले की नंबरप्लेट हाती पडतात.

किंमत किती लिहावी, याबद्दल दोन शब्द. कॅलिफोर्नियात दरवर्षीचे परवानाशुल्क गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के दराने बसते, म्हणून आकडा कमी लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. पूर्वी अनेकांनी अशा गाड्या साठच्या दशकातील फोर्ड म्हणून, कवडीमोल किमतीत नोंदवल्या होत्या. ते प्रकरण इतके वाढले, की राज्याला २०११-१२ मध्ये त्यांच्यासाठी माफी योजना काढावी लागली. शिवाय डीएमव्हीकडे पंधरा हजार डॉलर लिहून विमा कंपनीकडे साठ हजार मागणे हे दोन्ही कागद समोरासमोर आले की अंगाशी येते.

टेक्सासमध्ये काम काउंटीच्या कर कार्यालयात होते. १३०-यू हा टायटलचा अर्ज, व्हीटीआर-६१ हे बांधणीचे निवेदन, आणि ओळख क्रमांकाबाबत शंका असेल किंवा नवा क्रमांक घ्यायचा असेल, तर प्रशिक्षित पोलीस अधिकाऱ्याने भरलेला व्हीटीआर-६८-ए हा फॉर्म, असा संच लागतो. १ जानेवारी २०२५ पासून तेथे खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षातपासणी बंद झाली आहे. मात्र ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन यांसारख्या भागांतील काउंट्यांत २ ते २४ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांची धूरचाचणी सुरूच आहे. म्हणजे कागदावर चालू साल आले, तर पुढे ती चाचणी आहेच. वॉशिंग्टनमध्ये स्टेट पॅट्रोलची तपासणी हाच मुख्य अडथळा असतो. तेथे मोठ्या भागांच्या मूळ पावत्या लागतात, प्रती चालत नाहीत. धूरचाचणी मात्र त्या राज्याने २०२० पासून बंदच केली. पेनसिल्व्हेनियात विशेष अधिकार असलेल्या तपासणी केंद्रात गाडी न्यावी लागते आणि एमव्ही-४२६बी हा अर्ज फोटोंसह जातो. मिशिगनमध्ये नियमित तपासणी नाही, पण टायटलपूर्वी प्रशिक्षित अधिकाऱ्याकडून टीआर-५४ हा क्रमांक आणि रस्त्यायोग्य साधनांचा तपासणी फॉर्म भरून घ्यावा लागतो.

कोणत्याही राज्यात तपासणीला जाताना दिवे, ब्रेकचा दिवा, वळणदर्शक, हॉर्न, आरसे, वायपर, सीटबेल्ट, हातब्रेक, चिखलरोधक आणि सायलेन्सर हे आदल्या रात्री कोणाला तरी मागे उभे करून एकेक तपासावेत. फायबरच्या बॉडीतून विजेचे अर्थिंग मिळत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र तार लागते. मागचे दिवे एकाच वेळी मंद लुकलुकत असतील, तर दोष बहुधा तेथेच असतो.

तपासणीपर्यंत गाडी न्यायची कशी? उत्तम मार्ग ट्रेलरचा. भाडे वाटते त्यापेक्षा कमी असते, आणि वाटेत पोलिसाला समजावत बसावे लागत नाही. गाडी चालवतच न्यायची असेल, तर राज्याचा तात्पुरता परवाना घ्यावा. कॅलिफोर्नियात एक दिवसाचा मूव्हिंग परमिट मिळतो. परवाना म्हणजे विमा नव्हे, हे मात्र विसरू नये.

आडमार्ग

मोंटानात सर्वसाधारण विक्रीकर नाही, तेथे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढायची आणि गाडी तिच्या नावे नोंदवायची, अशी युक्ती कोणीतरी सुचवतेच. गाडी राहते कॅलिफोर्नियात, चालवणारा राहतो कॅलिफोर्नियात आणि नंबर मोंटानाचा, हे करचुकवेगिरीचे प्रकरण म्हणून कॅलिफोर्नियासह अनेक राज्ये हाताळतात. त्याहून मोठा धोका विम्याचा आहे. पॉलिसी गाडी रात्री जेथे उभी राहते त्या पत्त्यावर लिहिली जाते, आणि तो पत्ता खोटा निघाला, तर कंपनी दावा नाकारू शकते. व्हरमाँटमधून १५ वर्षांहून जुन्या गाडीची टपालाने नोंदणी करून घेण्याची वाटही २०२३ मध्ये परराज्यातील लोकांसाठी बंद झाली आहे. जुन्या लेखांत ती अजून दिसते.

चौथी पायरी : विमा

विम्याची सुरुवात गाडी रस्त्यावर आल्यावर होते, हा समजच मुळी चुकीचा आहे. गॅरेजमध्ये चाळीस हजार डॉलरचे सुटे भाग पडले असताना आग लागली, तर घराची पॉलिसी ते भरून देईल, असे गृहीत धरू नये. घराच्या पॉलिसीतून मोटारवाहने आणि त्यांचे भाग बहुधा वगळलेले असतात. हॅगर्टी, ग्रंडी यांसारख्या हौशी आणि संग्राह्य गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्यांकडे बांधणी चालू असलेल्या गाडीसाठी चोरी आणि आगीपुरते संरक्षण मागावे आणि दर काही महिन्यांनी पावत्यांच्या बेरजेप्रमाणे रक्कम वाढवून घ्यावी. एजंटला बोलताना "बांधणी सुरू असलेली गाडी" हे पहिल्याच वाक्यात सांगावे, नाहीतर तो व्हीआयएन मागतो, आपल्याकडे तो नसतो आणि संगणकावरचा अर्ज पुढे सरकत नाही.

हाच पेच नोंदणीच्या वेळी पुन्हा येतो. डीएमव्ही विमा मागते आणि विमा कंपनी व्हीआयएन मागते. त्यावर उपाय म्हणजे उगमाच्या दाखल्यावरच्या चासी क्रमांकावर पॉलिसी सुरू करायची आणि राज्याने नवा क्रमांक दिला की त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्यायची. आधुनिक व्हीआयएन सतरा अक्षरांचा असतो, किटचा क्रमांक त्याहून लहान असू शकतो आणि संगणक तो झिडकारतो. अशा वेळी ऑनलाइन अर्ज सोडून फोनवर माणसाशी बोलण्याला पर्याय नाही.

आता किमतीचा मुद्दा, ज्यावर सर्वांत जास्त नुकसान होते. पॉलिसीत गाडीची किंमत तीन प्रकारे लिहिली जाते. नेहमीच्या गाडीच्या पॉलिसीत अपघाताच्या दिवशीची बाजारकिंमत, घसारा वजा करून, मिळते. घरी बांधलेल्या गाडीची बाजारकिंमत कोणत्याच पुस्तकात नसल्याने तेथे घासाघीस अटळ असते. दुसऱ्या प्रकारात आपण एक किंमत "सांगतो" आणि हप्ता तिच्यावर बसतो. पण दाव्याच्या वेळी ती किंमत किंवा बाजारकिंमत, यांपैकी जी कमी ती देण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. तिसऱ्या प्रकारात किंमत दोघांनी आधीच मान्य केलेली असते आणि गाडी पूर्ण नष्ट झाली, तर तेवढी रक्कम मिळते. इंग्रजीत हे शेवटचे दोन प्रकार "स्टेटेड" आणि "अग्रीड" या एका शब्दाने वेगळे होतात आणि घाईत एकच वाटतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर "अग्रीड व्हॅल्यू" छापलेले नसेल, तर सही करू नये.

मान्य किंमत ठरवताना केवळ पावत्यांची बेरीज पुरत नाही, कारण आपले शेकडो तासांचे श्रम त्यात कोठेच नसतात. गाडी पूर्ण झाल्यावर स्वतंत्र मूल्यमापकाकडून लेखी अहवाल करून घ्यावा आणि त्याच नमुन्याच्या पूर्ण झालेल्या गाड्या कितीला विकल्या गेल्या, याचे दाखले जोडावेत. दर दोन वर्षांनी हा आकडा पुन्हा पाहावा.

अशा पॉलिसींचा हप्ता नेहमीच्या गाडीपेक्षा पुष्कळदा कमी असतो, आणि तो कमी ठेवण्यासाठीच अटी असतात. घरातील प्रत्येक चालकाकडे रोजच्या वापराची दुसरी गाडी हवी, ही गाडी बंद गॅरेजमध्ये राहायला हवी, चालकाची मागील काही वर्षांची नोंद स्वच्छ हवी, कार्यालयाला जाण्यासाठी वापर नको. शर्यतीच्या ट्रॅकवर नेल्यास संरक्षण नसते, मग तो "शिकवणीचा दिवस" असला तरी. घरात नुकताच परवाना मिळालेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर एजंट त्याबद्दल विचारतोच. खरे सांगावे आणि त्याला किंवा तिला या गाडीपासून लेखी वगळता येते का, ते पाहावे.

तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानाची किमान रक्कम राज्यानुसार ठरते. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून ती एका व्यक्तीच्या इजेसाठी ३० हजार, एका अपघातातील एकूण इजांसाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार डॉलर केली. टेक्सासमध्ये हे आकडे ३०, ६० आणि २५ हजार आहेत. पेनसिल्व्हेनियात १५, ३० आणि अवघे ५ हजार. यांतील कोणतेच किमान पुरेसे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गाडीचे ब्रेक आपण स्वतः बसवले आहेत, त्या गाडीने कोणाला इजा झाली, तर समोरचा वकील पहिला प्रश्न ब्रेकबद्दलच विचारेल. घर आणि बचत असलेल्या माणसाने एका व्यक्तीसाठी अडीच लाख आणि एका अपघातासाठी पाच लाख डॉलरची मर्यादा घ्यावी आणि वर छत्री पॉलिसी, म्हणजे मूळ पॉलिसीची मर्यादा संपल्यावर लागू होणारा जादा विमा, असेल, तर ती या गाडीलाही लागू आहे, असे लेखी उत्तर मिळवावे. आपल्याला धडक देणाऱ्याकडे विमा नसेल तर मिळणारे संरक्षणही तितकेच घ्यावे, कारण एअरबॅग नसलेल्या उघड्या गाडीत इजा आपल्यालाच जास्त होणार.

राज्य बदलताना

नोकरीपायी न्यू जर्सीहून टेक्सासला किंवा तेथून सिअॅटलला जाणे आपल्या लोकांत नित्याचे आहे. एका राज्याने दिलेले टायटल दुसरे राज्य सहसा मान्य करते. पण गाडीचा वर्ग आणि साल जसेच्या तसे उचलले जाईल, याची हमी नसते, आणि कॅलिफोर्नियात येणाऱ्या गाडीला धुराच्या प्रश्नाला नव्याने सामोरे जावे लागते. म्हणून सामान हलवण्यापूर्वी नव्या राज्याच्या व्याख्या वाचाव्यात, जुनी नोंदणी आणि विमा नवी नोंदणी होईपर्यंत चालू ठेवावेत, आणि विमा कंपनीला गाडीचा नवा रात्रीचा पत्ता ज्या दिवशी बदलतो त्याच दिवशी कळवावा. पावत्यांची मूळ फाईल सामानाच्या ट्रकमध्ये घालू नये. ती मूळ जन्मदाखले आणि पासपोर्ट असतात त्या पिशवीत, स्वतःजवळ ठेवावी.